तांदळाच्या डब्यातले सेल

मित्रांनो, स्वतःविषयी बोलताना मला नेहमीच संकोच वाटतो. आयुष्यभर मी दुसऱ्यांकडे पाहत आलो. माझ्याकडे कुणी पाहावे अशी सवय मला नाही. तरीही आज सांगतो. मी मुठीत मावेल एवढा, चंदेरी रंगाचा, साधा डिजिटल कॅमेरा आहे. आता बंद पडलो आहे. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या एका गल्लीत, अनिरुद्धरावांच्या घरी, मातीच्या बाहुल्यांच्या रांगेत मी सध्या बसलो आहे. माझ्या एका बाजूला मान डोलावणारी बाहुली आहे आणि दुसऱ्या बाजूला मातीच्या भाज्या विकणारा मातीचा वाणी. कॅमेऱ्याची जागा बाहुल्यांत कशी, असे तुम्ही विचाराल. तेच सांगायचे आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे हातमोजे घातलेल्या मुलींनी मला एकेका तुकड्याने जोडले. शेवटच्या मुलीने माझ्या पोटातल्या घड्याळात एक तारीख भरली : एक जानेवारी, दोन हजार तीन. ती काही माझी खरी जन्मतारीख नव्हती. ज्याला काहीच आठवत नाही त्याने कुठून तरी सुरुवात करावी, म्हणून दिलेली ती तारीख होती. माझी श्रीमंत भावंडे विजेच्या तारेने पोट भरून घेत. मी स्वस्तातला, मला दोन पेन्सिल सेल लागत. पोटात सेल असेपर्यंत मी दिवस मोजत राहतो. सेल काढले की थोडा वेळ धीर धरतो, आणि मग सारे विसरून पुन्हा त्या पहिल्या तारखेवर जाऊन उभा राहतो. मित्रांनो, एवढी गोष्ट लक्षात ठेवा. पुढचे सारे तिच्यामुळेच घडले.

गांधीजी रस्त्यावरच्या एका दुकानात, काचेच्या कपाटात, मी बरेच दिवस पडून होतो. एका संध्याकाळी खांद्याला कापडी पिशवी लावलेले एक गृहस्थ आत आले. हेच अनिरुद्धराव. ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत ते कारकून होते. रोज सकाळी बसने जायचे आणि दिवे लागण्याच्या सुमारास परतायचे. त्यांनी मला हातात घेतले, उलटे केले, कानाजवळ नेऊन हलवूनही पाहिले.

"रोल लागत नाही?" त्यांनी तमिळमध्ये विचारले.

"नाही सार," दुकानदार म्हणाला. "काढा, बघा, नको तो पुसून टाका. पाहिजे तेवढेच छापून घ्या."

"पुसतां येतं? काढलेला फोटो?" अनिरुद्धरावांना हे जरा अधर्माचे वाटले असावे. तरी पोंगलच्या बोनसमधून त्यांनी मला घेतले.

घरी त्यांच्या पत्नीने, सुंदरीबाईंनी, माझ्या भिंगाशेजारी कुंकवाचे बोट लावले. त्या ठिपक्याची पुसट खूण अजून माझ्या अंगावर आहे. त्या घरात मराठी बोलत, पण ती मराठी फार पूर्वी घर सोडून निघालेली आणि मग तमिळ शेजारात जन्म काढलेली होती. पुण्याकडून आलेल्या एका पाहुण्याला ती जुन्या पोथीसारखी वाटली होती. मला तर तीच पहिल्यांदा ऐकू आली. माझ्यासाठी मराठी म्हणजे तेवढीच.

त्या घराचा एक कडक नियम होता. अनिरुद्धरावांच्या वडिलांचा एक ट्रान्झिस्टर होता. वडील गेल्यावर तो कपाटात तसाच राहिला, आणि पुढे उघडून पाहिला तेव्हा आतल्या सेलांतून पांढरी भुकटी बाहेर येऊन त्याचे सारे आतडे खाऊन गेली होती. वडिलांच्या आवाजाइतकाच तो आवाजही गेला. तेव्हापासून घरातल्या कुठल्याही वस्तूत सेल ठेवायचा नाही, असे ठरले. काम झाले की सेल काढायचे, हळदीच्या फडक्यात गुंडाळायचे आणि स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या डब्यात खोल खुपसायचे. कावेरीकाठची हवा दमट. तांदूळ ओल ओढून घेतो, असा अनिरुद्धरावांचा विश्वास होता. टॉर्चचे सेलही त्याच डब्यात असत. त्यामुळे वीज गेली की सारे घर अंधारात चाचपडत आधी टॉर्च शोधी, आणि मग तांदळात कोपरापर्यंत हात घाली.

"एक दिवस सांबारांत सेल निघेल," सुंदरीबाई म्हणत. "मग मला बोलूं नका."

"सेल शिजत नाही," अनिरुद्धराव शांतपणे सांगत.

मीही त्या नियमात बसलो. एक फोटो काढला, की लगेच माझे पोट रिकामे. मला बिरोत, म्हणजे लोखंडी कपाटात, धोतरांच्या घडीखाली ठेवायचे आणि सेल तांदळात. अनिरुद्धरावांखेरीज मला कुणी हात लावायचा नाही, हाही नियमच होता. पुढच्या वेळी सेल घातले की मी जागा होत असे आणि माझ्या पडद्यावर तारीख लुकलुकत असे. मी विचारत असे : आज कोणता दिवस आहे? कृपा करून सांगा. अनिरुद्धराव मधले गोल बटण दाबत आणि पुढे जात.

"बघा," ते पाहुण्यांना कौतुकाने सांगत, "आधीं आपली जन्मतारीख सांगतो आणि मग कामाला लागतो. मर्यादशील यंत्र आहे."

माझ्या प्रत्येक छायाचित्राच्या कोपऱ्यात ती तारीख नारिंगी आकड्यांत उमटे. घरातल्या साऱ्यांनी ती माझी जन्मतारीख म्हणून मान्य केली होती. शिलाई मशीनवर नंबर असतो, तशी माझ्यावर तारीख. दिवाळीचे दिवे मी टिपले, पोंगलचे उतू जाणारे दूध टिपले, कचेरीतल्या निरोपसमारंभाचे हार टिपले. पण माझ्या लेखी त्या घरात वर्षानुवर्षे एकच दिवस उगवत होता. इतके सण पाहून मी एकही दिवस पुढे सरकलो नव्हतो. मला बोलता येत नाही, याचे दुःख मला तेव्हा फारसे वाटत नसे. ते पुढे वाटले.

अनिरुद्धरावांची एकुलती एक मुलगी अखिला. ती तिरुवैयारूच्या एका गानशाळेत लहान मुलांना गाणे शिकवी. फार बोलत नसे. पण केस विंचरताना, दिवा लावताना, बसची वाट पाहतानाही तिच्या ओठांत काही ना काही गुणगुणणे चालू असे. बिरोच्या बंद दारातूनही मला ते ऐकू येई. सेल नसले तरी ऐकू येते, मित्रांनो. फक्त वेळ कळत नाही. आणि जे मला दिसले नाही, ते त्या घरात पुढे इतक्यांदा सांगितले गेले की पाहिल्यासारखेच झाले.

तिच्या लग्नाचे पाहू लागले, तेव्हा घरातली काळजी मला कळू लागली. तंजावूरची मराठी घरे ती किती; त्यांतही गोत्र, नाते, शिक्षण जुळायचे. अशात कोइमतूरच्या हनुमंतरावांच्या मुलाचे स्थळ आले. मुलगा सतीशकुमार अमेरिकेत न्यू जर्सीला नोकरीला होता. पत्रिका जमली. एकदा तिथून त्याचा फोनही आला, आणि दिवाणखान्यात उभी राहून अखिला त्याच्याशी बोलली.

"माझी मराठी पार गेली," तो म्हणाला असावा, कारण ती म्हणाली, "गेली असं मराठींतच सांगतां की!"

मग ती हसली. तशी ती हसलेली मी पूर्वी ऐकली नव्हती. त्या आठवड्यात तिचे गुणगुणणे सबंध घरभर फिरत होते, आणि सुंदरीबाई अनिरुद्धरावांकडे पाहून भुवया उडवत होत्या.

मुलीचा फोटो मागवला होता. सुंदरीबाईंच्या मते तो स्टुडिओत जाऊन काढायचा. अनिरुद्धरावांना ते पटेना.

"स्टुडिओवाला गालावरचा तीळ पुसतो, रंग उजळवतो," ते म्हणाले. "आपली मुलगी आहे तशी दिसूं दे. खोटं एक केसभर नको."

नवरात्र चालू होते. दिवाणखान्यात पायऱ्यापायऱ्यांचा कोलू मांडला होता आणि त्यावर बाहुल्या बसल्या होत्या. अखिला हिरवी साडी नेसून कोलूसमोर बसली. अनिरुद्धरावांनी तांदळातून सेल काढले, फडक्याने पुसले, माझ्या पोटात घातले. मी विचारले : आज कोणता दिवस? त्यांनी गोल बटण दाबले. त्या दिवशी मी माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले छायाचित्र काढले. तीळही आला, ओठांतले न संपलेले गाणेही आले. आणि उजव्या कोपऱ्यात, नारिंगी आकड्यांत, जवळजवळ चार वर्षांपूर्वीची तारीख आली.

तो छापलेला फोटो अनिरुद्धरावांच्या थोरल्या चुलतभावाने, सीतारामरावांनी, स्वतः कोइमतूरला नेऊन दिला. हे स्थळ त्यांनीच आणले होते. काही दिवसांनी, एका रविवारी, ते घरी आले. कॉफी समोर आली तरी त्यांनी ती उचलली नाही.

"अनिरुद्धा, एक विचारूं? रागावूं नको."

"विचारा, अण्णा."

"फोटो जुना पाठवलास काय रे?"

"जुना? या नवरात्रांत काढला. कोलूसमोर. तुम्हीं प्रसादाचं सुंडल खाऊन गेलां त्याच्या दुसऱ्या दिवशीं."

"मग खालीं तीन सालची तारीख कशी?"

"ती?" अनिरुद्धराव हसले. "ती मशीनची जन्मतारीख. साऱ्या फोटोंत येते."

"मशीनला जन्मतारीख कशाला? तिचं काय लग्न जमवायचं आहे?"

सीतारामराव चेष्टा करत होते, पण चेहरा उतरलेला होता. मुलाच्या आईने, कृष्णवेणीबाईंनी, फोटो परत दिला होता. मागे एका घरून त्यांना असाच बऱ्याच वर्षांपूर्वीचा फोटो आला होता. प्रत्यक्ष भेटीत साऱ्यांचीच कुचंबणा झाली. तेव्हापासून त्या सावध झाल्या होत्या. त्यांचा निरोप सरळ होता : मुलगी आज कशी दिसते हा प्रश्न नाही, पहिल्याच पावलाला लपवाछपवी करणारे घर आम्हांला नको.

कचेरीत सबंध नोकरीत ज्यांच्या कागदावर कधी खाडाखोड झाली नाही, असे हे अनिरुद्धराव. त्यांना आजवर कुणी खोटे म्हटले नव्हते.

"दुसरा फोटो देऊं," सीतारामराव म्हणाले. "स्टुडिओत काढूं. तारीखच नको."

"नको."

"अरे, पोरीचा विचार कर."

"दुसरा पाठवला म्हणजे पहिला खोटा होता असं मीच कबूल केलं. माझा शब्द एकदां दिला आहे, अण्णा."

त्यांनी मला बिरोत ठेवले आणि दार लावले. ते दार पुढे बरेच दिवस माझ्यासाठी उघडले नाही. दिवाळी आली आणि गेली. फटाक्यांचे आवाज मी धोतरांच्या घडीखालून ऐकले. पण त्याहून मला दुसरी एक गोष्ट ऐकू येत होती, किंवा खरे म्हणजे ऐकू येत नव्हती. अखिला केस विंचरत असे, दिवा लावत असे, आणि घर अगदी गप्प असे. ती कुणाला काही म्हणाली नाही. तिचे गुणगुणणे मात्र थांबले होते.

ती तारीख तिथे का येते, ते एकट्या मला ठाऊक होते. मी पूर्वी इतक्या वेळा विचारले होते, तेव्हा कुणी उत्तर दिले नाही. आणि आता मला कुणी विचारत नव्हते.

पोंगल आला आणि गेला. त्यानंतर तिरुवैयारूला नदीकाठी दरवर्षीचा संगीतोत्सव भरला. कृष्णवेणीबाई तो कधी चुकवत नसत. यंदाही नवऱ्याला घेऊन आल्या होत्या. तिथे मुलांच्या रांगेत बसून गाणाऱ्या अखिलेला त्यांनी पाहिले. फोटोतली मुलगी त्यांनी लगेच ओळखली, आणि मग सीतारामरावांना शोधून काढले. सीतारामराव त्या दोघांना घेऊन थेट घरी आले.

"फक्त कॉफीला," दारातूनच ते म्हणाले. "पाहायला नव्हे. उन्हांतून आलेत."

सुंदरीबाईंची धांदल उडाली. टंब्लर-डबऱ्यातून, म्हणजे पेल्या-वाटीतून, कॉफी आली. अनिरुद्धराव ताठ बसले होते. अखिला उत्सवातून नुकतीच परतली होती. तिलाही बसावे लागले. थोडा वेळ साऱ्यांनी फक्त कॉफी वर-खाली ओतली.

"राव," कृष्णवेणीबाई शेवटी म्हणाल्या, "मी सरळ बोलणारी बाई. विचारतें, राग धरूं नका. मुलगी फोटोंत आहे तश्शीच आहे. मला पसंत आहे. मग फोटोचं असं कां केलंत?"

"कसं केलं?"

"नवरात्रांतला म्हणतां, आणि तारीख चार वर्षांमागची."

"ती मशीनची तारीख आहे."

"अय्यो, मशीन कशाला खोटं बोलेल?"

"म्हणजे मी बोलतों?"

सुंदरीबाईंनी पदर तोंडाशी नेला. हनुमंतराव, म्हणजे कृष्णवेणीबाईंचे यजमान, डबऱ्यात काहीतरी शोधू लागले. सीतारामराव उठून उभे राहिले. आता हे स्थळ कायमचे जाणार, असे साऱ्यांनाच वाटले. अखिला जमिनीकडे पाहत होती.

अनिरुद्धराव उठले. बिरोचे दार करकरले, आणि कित्येक आठवड्यांनी माझ्यावर उजेड पडला. मला स्टुलावर ठेवून ते स्वयंपाकघरात गेले. तांदूळ सरकल्याचा आवाज आला. हातावर तांदळाचे पीठ घेऊन ते परतले, फडके सोडले, सेल माझ्या पोटात घातले. मी विचारले : आज कोणता दिवस? त्यांनी सवयीने गोल बटण दाबले.

"अखिला, वर बघ."

तिने वर पाहिले. तिचे डोळे भरलेले होते, आणि ते मला तसेच टिपावे लागले.

"घ्या," अनिरुद्धराव म्हणाले आणि त्यांनी मला कृष्णवेणीबाईंच्या हातात दिले. "आत्तां तुमच्यासमोर काढला. वाचा तारीख."

कृष्णवेणीबाईंनी चष्मा पुढे ओढला. पडद्यावर अखिला होती, तीच सुती साडी, हातात तोच टंब्लर. आणि खाली नारिंगी आकडे : एक, एक, तीन.

त्यांनी पडद्याकडे पाहिले, अखिलेकडे पाहिले, मग अनिरुद्धरावांच्या पांढऱ्या झालेल्या बोटांकडे पाहिले.

"ते सेल कुठून आणलेत?"

"तांदळाच्या डब्यांतून."

"तिथें कशाला?"

"राहिले तर आंत फुटतात. आम्हीं काढूनच ठेवतों. नेहमीं."

कृष्णवेणीबाई हळूच आपल्या यजमानांकडे वळल्या. हनुमंतरावांनी चटकन खिडकीबाहेर पाहिले.

"ऐकलंत?" त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. "राव, आमच्या घरीं एक व्हीसीआर आहे. आणला त्या दिवसापासून त्यांत बाराच वाजलेत. सतीश येतो, वेळ लावतो. तो गेला कीं हे रोज प्लग उपसून ठेवतात. तो तिकडून ओरडतो, 'अम्मा, त्याचं पोट रिकामं केलं तर त्याला दिवस कसा आठवेल?'"

"विजेचा भरंवसा नाही," हनुमंतराव पुटपुटले. "जळलं तर?"

"जळतंच," अनिरुद्धराव म्हणाले. हनुमंतरावांकडे त्यांनी आत्ता प्रथमच नीट पाहिले.

"सेलसुद्धां आम्हीं काढतों," हनुमंतरावांना धीर आला. "पण तांदळांत नाही. डाळींत."

"तुरीच्या?"

"उडदाच्या."

अनिरुद्धरावांनी क्षणभर विचार केला. "उडीद बरा असेल. तांदळाला पीठ फार."

कृष्णवेणीबाईंना हसू आवरेना. त्या इतक्या हसल्या की सुंदरीबाईही हसल्या, आणि सीतारामरावांनी मघाची थंड झालेली कॉफी एका दमात पिऊन टाकली. हसणे ओसरल्यावर कृष्णवेणीबाईंनी मला स्टुलावर ठेवले आणि हात जोडले.

"राव, मी चुकलें. खोटं बोलणारं घर समजलें. हें तर आमचंच घर निघालं."

अनिरुद्धरावांनीही हात जोडले. त्यांनी मला उचलले, माझ्या पडद्यावरची तारीख जणू प्रथमच वाचली, आणि मला अखिलेपुढे धरले.

"ही बदलतां येते कां, बघ बरं."

घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातात मी त्या दिवशी पहिल्यांदा गेलो. अखिलेने बटणे चाचपली. मी पुन्हा विचारले : आज कोणता दिवस? आणि मित्रांनो, तिने मला सांगितले. माझ्या आयुष्यातला दुसरा दिवस त्या संध्याकाळी उगवला. आकडे भरताना तिच्या ओठांत काहीतरी चालले होते. नीट ऐकले तेव्हा कळले, ती गुणगुणत होती.

आवणी महिन्यात, म्हणजे श्रावणाच्या सुमारास, लग्न झाले. माझ्याहून मोठमोठे कॅमेरे मांडवात होते, तरी अनिरुद्धरावांनी मला खिशात ठेवलेच. फोटो मात्र त्यांनी एकच काढून घेतला, दोन्ही व्याही शेजारी शेजारी बसलेले. त्याआधी त्यांनी मला दिवस सांगितला, म्हणून त्यावरची तारीख खरी होती.

अमेरिकेला निघण्याच्या दिवशी सकाळी अखिलेने मला बिरोतून काढले आणि माझे घड्याळ पुन्हा बदलले.

"अप्पा, आतां ह्यांत माझ्या गांवची वेळ आहे. फोन करायचा झाला तर आधीं ही बघा. सेल काढलेत तर विसरेल हां."

"सेरि, बरं," अनिरुद्धराव म्हणाले. एवढेच म्हणाले.

त्या दिवसापासून त्या घराचा जुना नियम माझ्यापुरता मोडला. टॉर्चचे सेल तांदळातच राहिले. माझे माझ्या पोटात. कचेरीतून आले की अनिरुद्धराव मला उघडत, पडद्याकडे पाहत आणि मोठ्याने सांगत, "आतां उठली असेल." सुट्टीच्या दुपारी सांगत, "झोपली आहे. गाढ झोप असते या वेळीं."

"मशीनला काय विचारतां? फोन करा कीं," सुंदरीबाई म्हणत.

"झोपली आहे म्हटलं ना."

थंडीच्या तोंडावर तिथली घड्याळे एक तास मागे जातात, हे कळले तेव्हा ते फार अस्वस्थ झाले. "वेळ हलवणारं सरकार!" असे म्हणत त्यांनी स्वतःच्या हाताने माझा तास मागे घेतला. सेल अशक्त होत आहेत असे वाटले की ते नवे आणून ठेवत आणि जुने काढून नवे इतक्या चपळाईने घालत की मला विसरायला सवड मिळत नसे. फोटो ते आता काढत नव्हते. मी कॅमेरा उरलो नव्हतो. दूरच्या एका स्वयंपाकघरातली सकाळ आणि संध्याकाळ तेवढी मी सांभाळत होतो. मला ते काम आवडले. कुणीतरी रोज येऊन मला दिवस विचारत होते.

पुढे अनिरुद्धराव निवृत्त झाले. अखिलेला दिवस गेले आणि बाळंतपणासाठी दोघांनी तिकडे जायचे ठरले. घर कित्येक महिने बंद राहणार होते. निघताना त्यांनी सारे प्लग काढले, टॉर्च रिकामा केला, भिंतीवरचे घड्याळही उतरवून त्याचा सेल काढला. मग मला उघडले. त्यांचा अंगठा माझ्या पोटाच्या झाकणावर आला, आणि तिथेच थांबला.

"काढा कीं," सुंदरीबाई म्हणाल्या. "आतां तिच्याकडेच जातों आहों. तिची वेळ इथें कुणाला बघायची आहे?"

अनिरुद्धरावांनी अंगठा उचलला.

"असूं दे," ते म्हणाले. "राहूं दे चालू."

बंद घरात, धोतरांच्या घडीखाली, मी अखिलेच्या गावचे दिवस मोजत राहिलो. पावसाळा आला असावा. कपाटाला ओल आली. मला पोटात काहीतरी गार, चिकट जाणवू लागले. एके दिवशी मोजता मोजता मी थांबलो. या खेपेला मी पहिल्या तारखेवर परत गेलो नाही. कुठेच गेलो नाही.

परत आल्यावर पेटीही न उघडता अनिरुद्धरावांनी आधी मला काढले. झाकण उघडताच पांढरी भुकटी त्यांच्या तळहातावर सांडली. त्यांच्या वडिलांच्या ट्रान्झिस्टरमधून सांडली होती तशीच. मग फडके घेऊन त्यांनी मला आतून पुसले, दोन-तीनदा पुसले, नवे सेल घातले. माझ्याने जागे होववेना.

"तुम्हांला माहीत होतं कीं असंच होतं," सुंदरीबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"माहीत होतं," ते म्हणाले.

त्यांनी मला टाकले नाही. कोलूत जुने काही टाकत नाहीत. रंग उडालेली, कान तुटलेली बाहुलीही तिच्या पायरीवर बसते. त्या नवरात्रात त्यांनी मला सर्वांत खालच्या पायरीवर, मातीच्या वाण्याशेजारी ठेवले, आणि दर नवरात्रात ठेवतात. आता त्यांच्याकडे अखिलेने दिलेला मोबाइल आहे. त्यात तिचा चेहराच दिसतो, तेव्हा वेळ विचारावी लागत नाही. तरी संध्याकाळी दिवा लावला की ते माझ्यासमोर येतात, माझ्या काळ्या पडद्याकडे पाहतात आणि बोटांवर हिशेब करून म्हणतात, "आतां उठली असेल."

मित्रांनो, तुमच्या घरी एखादे यंत्र कोपऱ्यात लुकलुकत वेळ विचारत असेल, तर त्याला वेळ सांगा. त्याला एवढेच हवे असते. वापरून झाले की सेल काढून ठेवा, कारण भुकटी खरोखरच आतडे खाते. आणि घरातले कुणी वडीलधारे माणूस मुद्दाम सेल काढायचे टाळत असेल, तर त्याला हसू नका. ते कुणाची वेळ जपते आहे, तेवढे विचारा.

बाकी सेल ठेवायचेच झाले, तर उडदाच्या डाळीत ठेवा. आमच्या घरीही आता तिथेच ठेवतात.